हरल्या डावाचं पालुपद

“शह! आता राजाला जायला जागा न्हाई, बुवा,” नरहरराव म्हणाले आणि अडकित्ता घेऊन निवांत सुपारी कातरू लागले.

बंडोपंतबुवा पटाकडे बघत राहिले. बसवकल्याणात त्यांचं कीर्तन असलं की देवळात माणूस मावत नसे. बुद्धिबळात मात्र शेजारचे नरहरराव त्यांना दर सोमवारी लोळवत. नरहरराव निजामाच्या अमलात कचेरीत पेशकार होते. ते राज्य गेलं, यांचा दरारा तेवढा राहिला.

“पुढच्या सोमवारी हरलाव, तर पहाटेचं गाणं बंद. दोन घरांत भिंत एकच हाय. झोप म्हणून लागंना मला.”

“आन जिंकलो तर?”

“तर तुमच्या कीर्तनाला येतो. अगदी पुढं बसतो.”

बुवा हबकले. पहाटे देवापुढं गायल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे.

घरी येऊन त्यांनी पट मांडला. पण हरलेला डाव आठवायचा कसा? बुवांना आठवणीत ठेवायची एकच रीत ठाऊक. चाली ओवीत बांधल्या. रोज पहाटे भूपाळी झाली की हरलेला डाव. घोडा उडाला, उंट तिरपा धावला. गात जायचं, मोहरे हलवत जायचं. एकामागं एक जुने डावही ओठांवर येत गेले.

जोंधळे निवडता निवडता बुवांच्या पत्नी मालतीबाईंना हसू फुटलं. “आवो, डाव निराळे, पण पालुपद तेच की तुमचं!”

“कोणतं?”

“‘वजीर एकला पुढं गेला.’ नमन न करताच आख्यानाला हात घालायलाव. कीर्तनात करता का असं कधी?”

बुवांनी दोन्ही कान धरले.

सोमवारी त्यांनी आधी प्यादी, मग घोडे, मग उंट जागेवर आणले; नमन म्हणावं तसे, सावकाश. वजीर घरातच. नरहररावांची सुपारी तोंडात तशीच राहिली. दिवेलागणीला त्यांचा राजा अडकला, हत्ती कोपऱ्यातच.

शब्दाला जागून ते कीर्तनाला आले. पुढं बसले. अवाक्षर न बोलता उठून गेले. बुवांच्या जिवाला लागलं. माणूस दुखावला. दुसऱ्या पहाटे त्यांनी आपणहून आवाज आवरला, भूपाळी मनातच म्हटली.

तेवढ्यात भिंतीपलीकडं कुणी तरी घसा खाकरला. पटावर मोहरा टेकल्याचा टक्क आवाज झाला. आणि नरहरराव गाऊ लागले, अगदी बेसूर, पण मनापासून:

“हत्ती कोपऱ्यात झोपला, देवा, हत्ती कोपऱ्यात झोपला...”

बुवांनी चिपळ्या उचलल्या आणि भिंतीच्या अलीकडून ठेका धरला.