गार हवा

स्क्रीनवर तापमानाचा आकडा पुन्हा पंच्याण्णववर गेला. तिने स्वतः जोडलेल्या गेमिंग कॉम्प्युटरचे तिन्ही पंखे जीव खाऊन घोंघावू लागले. चौथा लावावा, तर पलीकडच्या खोलीत अर्धशिशीने बेजार आईला झोप कशी लागणार?

दारात बाबा येऊन उभे राहिले. त्यांचा सगळा जन्म फ्रिजदुरुस्तीत गेला होता. तिने न विचारता नोकरी सोडल्यापासून दोघांत अबोला होता. निरोप आईमार्फत जायचे.

कॉम्प्युटरच्या मागे तळहात धरून ते भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "आत एवढी भट्टी, तरी बाहेर हवा गार! उष्णता पंख्यांपर्यंत पोचतच नाहीये."

चिडून तिने प्रोसेसरवरचा कूलर उचकटला. त्याच्या बुडाचं पातळ प्लास्टिक सोलायचंच राहिलं होतं.

ते काढून तिने पुन्हा जोडणी केली, तसा आकडा उतरला, पंखे मंदावले. भिंतीपलीकडून आईचं घोरणं ऐकू येऊ लागलं.

बाबा जाता जाता घुटमळले. "आई विचारत होती, हा खेळ दोघांना खेळता येतो का?"

"आईला सांगा, येतो," म्हणत तिने दुसरी खुर्ची ओढली.