पुढच्या पुस्तकातलं प्रेत

मी रहस्यकथा लिहिते. दर उन्हाळ्यात आमच्या चर्चच्या जत्रेत एक लिलाव होतो. जो जिंकेल, त्याचं खरं नाव मी पुढच्या पुस्तकातल्या प्रेताला देते. गावाला याची भारी हौस. "गेल्या खेपेला मला विहिरीत ढकललंस, अजून सर्दी जात नाही बघ!" असं पोस्टातली हिल्डा येता-जाता ऐकवते.

यंदा टेकडीवर एकटेच राहणारे टॅपस्कॉट आजोबा जिंकले. बाकीचे थकले, पण त्यांनी वर केलेला हात शेवटपर्यंत खाली घेतला नाही.

चहाच्या तंबूत मी वही उघडली. "बोला आजोबा, कसं मारू? केकमधून विष घालू, की जिन्यावरून ढकलू?"

"तुला सोपं जाईल तसं मार गं. खुनी पण तुला हवा तो कर."

मी हसत हसत लिहून घेतलं. ते हसले नाहीत. कप बशीत ठेवून हळूच म्हणाले,

 

"फक्त एवढं कर पोरी. मी मेलोय, हे त्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात येऊ दे."