उशिराचं कारण

ऐन ऑनलाइन मुलाखतीच्या सकाळी लिनक्सने अपडेट घेतलं आणि पायलच्या लॅपटॉपला वायरचं नेट दिसेनासं झालं. खडकीच्या तिच्या क्वार्टरमध्ये मोबाइलच्या रेंजची तर कायमचीच बोंब. शेवटी ती स्क्रीनवर आली, तेव्हा समोरचे साहेब घड्याळाकडे बघत होते.

"सॉरी सर, नेट गेलं होतं."

"मुलाखतीच्या दिवशी सगळ्यांचंच जातं," साहेब कोरडेपणाने म्हणाले. "तुमच्याकडे नेमकं काय झालं होतं, तेही सांगून टाका."

पायलला ते झोंबलं.

"केबल बदलून पाहिली, ती ठीक होती. लॅपटॉपला नेटवर्क कार्ड दिसत होतं, पण अपडेटने आलेल्या लिनक्सच्या नव्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, ते कार्ड चालवणारा ड्रायव्हरच लोड होत नव्हता. म्हणून जुन्या कर्नलवर बूट केलं. पोर्टचा दिवा लुकलुकला, तशी तुमच्यासमोर येऊन बसले. आता विचारा तुमचे प्रश्न."

साहेबांनी हातातला कागद पालथा घातला.

"एकच होता. अपडेटनंतर वायरचं नेट बंद पडलं, अशी ग्राहकाची तक्रार आली तर काय कराल?" ते पहिल्यांदाच हसले. "सोमवारी रुजू होता येईल?"