गारठलेली बोटं

घोडेगावच्या बाजारात म्हशीचा सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो. म्हैस घ्यायला आलेल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या नृसिंह सरांनी दलाल कानिफनाथची पाच बोटं धरली, म्हणजे पन्नास हजार. तो लगेच हो म्हणाला, तसा सरांचा चेहरा पडला.

"थांबा, मला चारच धरायची होती. थंडीत मेंदूचा निरोप नसांमधून स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही. शास्त्र आहे हे."

"मंग ऊन येऊ द्या. शास्त्राला न्हाई कसं म्हनायचं?"

ऊन आलं. सरांनी हात चांगले शेकून घेतले, पुन्हा रुमालाखाली घातले आणि तीन बोटं धरली.

कानिफनाथनं रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"सर, तुमी गारठ्यातच बरे हुता."