हात मांडीखाली

किल्ल्या फरशीवर पडल्या आणि ठमीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"उचल," व्हीलचेअरमधला नवरा म्हणाला. ठमीने शेपटी हलवली आणि पुन्हा दाराकडेच बघत बसली.

ट्रेनरने सुस्कारा सोडला. ही काळी, अंगाने भरलेली, नावाला शोभेल अशी ठसकेबाज कुत्री त्यानेच शिकवून तयार केली होती. प्रशिक्षण केंद्रात असताना काहीही पडलं की चुटकीसरशी उचलून हातात आणून द्यायची. या घरी आली आणि सगळं विसरली.

"ही सारखी दाराकडे का बघते?" त्याने विचारलं.

दारात बायको उभी होती, हात पुसत. मागे गॅसवर दूध तापत होतं.

"वहिनी, खरं सांगा. मी नसताना पडलेलं कोण उचलतं?"

बायको हातातल्या फडक्याची घडी घालायला लागली. चोरी पकडली गेली होती आणि चुगली कुत्रीने केली होती.

"हे आपले 'उचल, उचल' करत बसतात. मला नाही बघवत," ती म्हणाली. "दोन पावलांवर तर असते मी."

"मग तिने कशाला कष्ट घ्यावेत? तिला कळलंय, या घरात काही पडलं की दारातून एक बाई येते."

नवरा हसला. बायकोला काही हसू आलं नाही. डॉक्टरांनी तिला वाकायचं नाही म्हणून बजावलं होतं. पडणाऱ्या वस्तूंना मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. चष्मा, रिमोट, गोळ्यांचं पाकीट, चमचा, पुन्हा चष्मा. नवरा वाकला तर खुर्चीतून तोंडावर पडायचा, म्हणून ती वाकायची. कूस बदलताना कंबरेतून कळ आली की उशीत तोंड खुपसायची, त्याला ऐकू जायला नको म्हणून. ही कुत्री तिला हवी होती. नवऱ्यापेक्षाही जास्त तिला हवी होती. आणि तिनेच ती बिघडवून ठेवली होती.

"आज जमलं नाही तर ठमीला घेऊन जावं लागेल," ट्रेनर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "एक मुलगी वाट बघतेय तिची. एकटी राहते. तिथे मध्ये मध्ये करायला कुणी नाही."

त्याने कोपऱ्यातली वेताची खुर्ची पुढे ओढली. "बसा इथे. हात मांडीखाली घाला."

"आणि काय करायचं?"

"काहीच नाही करायचं."

"ते कसं करतात?" तिने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती.

नवऱ्याने किल्ल्या पुन्हा टाकल्या. दातांना लोखंड लागलेलं ठमीला खपत नसे, म्हणून जुडग्याला जाड चिंधी बांधलेली होती. आवाज झाला तशी बायको आपोआप पुढे झुकली. हात मांडीखाली होते म्हणून जागेवर राहिली. ठमीने तिच्याकडे पाहिलं. बायको भिंतीकडे बघायला लागली.

"उचल," नवरा म्हणाला.

"दादा, तुम्ही तिची मनधरणी करताय. सांगा तिला."

"सवय गेली हो मागायची," नवरा ओशाळला. "शब्द तोंडातून निघायच्या आत ही हजर असते."

एवढ्यात आत दूध वर आलं. फस्स झालं, पाठोपाठ करपल्याचा वास आला. बायको अर्धी उठली.

"बसा," ट्रेनर म्हणाला आणि स्वतःच आत गेला.

आता खोलीत तिघंच होती. ठमी बायकोकडे बघत होती, नवराही तिच्याकडेच बघत होता. किल्ल्या तिच्या पायाशी होत्या. एकदा वाकलं की झालं असतं, आणि आत कुणाला पत्ताही लागला नसता. तिने हात आणखी खोल सारले आणि मान फिरवून घेतली. तिला रडू येत होतं. इतकं साधं काम आणि आपल्याला जमू नये, याचं.

नवऱ्याने तिची फिरवलेली मान पाहिली.

"ठमे," तो म्हणाला. आवाज निराळा होता, तिने कित्येक दिवसांत न ऐकलेला. "उचल."

नखं फरशीवर वाजली. किल्ल्या खुळखुळल्या. बायकोने वळून पाहिलं तेव्हा चिंधी ओली झाली होती आणि जुडगा नवऱ्याच्या तळहातावर होता.

"शाब्बास," तो ठमीचे कान चोळत म्हणाला. "शाब्बास गं, शहाणी माझी."

"मला नाही कधी असं म्हणालात."

"तू थांबलीस कधी ऐकायला?"

दारात ट्रेनर हात पुसत उभा होता. त्याने किल्ल्या पाहिल्या. "दूध गेलं, पण कुत्री राहिली," तो म्हणाला. मग त्याने आणखी दोन-तीन वस्तू टाकायला लावल्या, ठमीने त्या निमूट आणून दिल्या, आणि पुढच्या आठवड्यात येतो म्हणून तो गेला.

शेगडीवर सांडलेलं दूध तसंच वाळत होतं. थोड्या वेळाने नवऱ्याच्या मांडीवरून चष्म्याचं घर घसरून खाली पडलं. तो काही म्हणायच्या आत ठमी उठली.

"अगं, तो गेला कधीच," नवरा म्हणाला. "काढ की आता हात."

वेताचे वळ तिच्या बोटांवर उमटत होते, मुंग्या येत होत्या.

"राहू देत थोडा वेळ," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.