अल्पशा आजाराने

"बळवंताच्या निधनवार्तेत 'अल्पशा आजाराने' असंच लिही," थोरले काका म्हणाले. "पेपरात एचआयव्ही छापलंस तर पैलवानाची अब्रू जाईल."

वैजयंतीचं पेन थांबलं. एकोणीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, बळवंतआबांनी, तालमीतल्या पोरांना आखाड्याभोवती बसवून हा आजार स्वतःच सांगितला होता. तेव्हाही काका चिडले होते, "अरे, पुरुषासारखा पुरुष तू! असलं चारचौघांत बोलतात?"

"रोज पोरांना भिऊ नका म्हणतो," आबा म्हणाले होते, "मग मीच कसा भिऊ?"

तिने 'अल्पशा' खोडलं आणि लिहिलं, 'एचआयव्हीशी एकोणीस वर्षे झुंज देऊन बळवंत सावर्डेकर यांचे निधन.'

काकांनी कागद ओढून घेतला. दोनदा वाचला. मग तो परत तिच्यापुढे सरकवत म्हणाले, "नावाआधी 'पैलवान' राहिलं की गं."