मूळ धरलं का?

वस्तीला फुकट बागकाम शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं मास्तरीणबाईंचं मत होतं. तरी त्या दर रविवारी यायच्या, कारण अक्कल दुसऱ्या कोणाला नव्हतीच. आज शिंपीणकाकूंनी गुलाबाची फांदी पुन्हा कुंडीतून उपटून आणली. "बाई, मूळ धरलं का बघा ना." बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, सारखं उपटून बघितलंत तर मूळ धरेल कधी? चुलीवरचा भात आहे का, घडोघडी झाकण उघडायला?" वर्ग खिदळला. शिंपीणकाकूंनी फांदी परत मातीत खोचली. "अडाणी ते अडाणीच," पुटपुटत बाईंनी हातमोजे काढून नुकत्याच सासरी गेलेल्या लेकीला फोन लावला. "रुळलीस का गं? सासू टोचून बोलत नाही ना?" लेकीचं करवादणं वर्गभर ऐकू गेलं, "आई, सकाळपासून कितीदा विचारशील?" माती दाबत शिंपीणकाकू म्हणाल्या, "बाई, झाकण ठेवा."